पाळण्याचे तास

परवा आमच्या शेजारच्या काकूंनी आपल्या पाळणाघराच्या दारावर पाटी लावली : ‘मूल नऊ तासांपेक्षा जास्त ठेवले जाणार नाही.’ झाले! आया रुसल्या. यवतमाळात दिवाळी म्हणजे कापसाचा हंगाम. जिनिंगपासून दुकानांपर्यंत सगळीकडे कामाची घाई. अशात सकाळी आठला सोडलेले मूल पाचला न्यायला यायचे कसे?

त्यांचेही खोटे नाही. पण १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या माणसाच्या कामालासुद्धा दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेने तर पाळणाघराचा दिवस साडेसात तासांचाच धरला. मग घरगुती पाळणाघरातल्या दोन वर्षांच्या जिवाने बारा तास का भरावेत?

“काकू, पैसे वाढवून घ्या,” एकजण म्हणाली.

“पैशाचं नाही गं बाई. सहा वाजले की तुझं पोरगं खेळणं टाकून दाराशी जाऊन बसतं. ते मला बघवत नाही.”

यावर कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला त्या पोराला न्यायला त्याचा बाप आला. इतके दिवस त्याची आठवण कोणालाच, अगदी त्याला स्वतःलाही, झाली नव्हती!