डोकेदुखीला ‘करंट’ देण्याआधी

‘डॉक्टर, करंट देऊन जुनी डोकेदुखी बंद करतात म्हणे. नागपूरला जाऊ का?’ सानगडीत असा प्रश्न आला की मी आधी विचारतो, दुखण्याचं नाव ठरलंय का?

हा उपचार थोतांड नाही. वेदनेचा निरोप नसांमधून मेंदूकडे जातो. त्या नसांना सौम्य विद्युत लहरी दिल्या की काहींमध्ये तो निरोप मंदावतो. कपाळावर लावायच्या अशा एका यंत्राला अर्धशिशी टाळण्यासाठी अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. डोक्याच्या मागच्या नसेजवळ त्वचेखाली तारा बसवण्याचीही पद्धत आहे. पण तिचा खर्च लाखांत जातो, तार सरकू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की यंत्र ही पहिली पायरी नव्हे.

एक कारण आपल्या खिशातच असतं. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. रोवणीच्या दिवसांत गोळी खाऊन बांधीत उतरायचं आणि पुढे ती सवयच होते. अशा वेळी यंत्राआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या कमी करणं हाच उपचार.

दुसरं कारण चेहऱ्याचं. चूळ भरताना, दात घासताना, वारा लागला तरी गालात विजेसारखी कळ येते, तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकतो. अभिनेता सलमान खान यांनी स्वतःच्या या आजाराबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. दाताचं दुखणं समजून यात चांगले दात काढले जातात आणि कळ तशीच राहते. यावर पहिलं औषध कार्बामाझेपिन. ते महाग नाही, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं. अंगावर पुरळ आलं तर लगेच दाखवा. अनेकांमध्ये रक्तवाहिनी नसेवर दाबत असते. औषध पुरेनासं झालं तर शस्त्रक्रियेने तो दाब काढता येतो.

तेव्हा महिनाभर एक वही ठेवा. कोणत्या दिवशी दुखलं, कुठे, किती वेळ, किती गोळ्या घेतल्या, सारं लिहा. ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. एवढं करूनही आराम नसेल, तर यंत्राचा विचार जरूर करा. हृदयात पेसमेकर असेल तर आधी सांगा.

मात्र अचानक असह्य डोकं दुखलं, तापासोबत मान आखडली, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर वहीची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

एरवी यंत्रासाठी धान विकण्याआधी वही भरा.