नातवाच्या संगणकाचे अंदाजपत्रक



मुदत ठेवींचे नूतनीकरण, नामनिर्देशन, लॉकरचा करार, ज्येष्ठ नागरिकांचे व्याज असे विषय या सदरात येत राहिले आहेत. या वेळी मी ज्या विषयावर लिहिणार आहे, तो पाहून काही वाचक चष्मा पुसतील. विषय आहे खेळांसाठीचा संगणक. म्हणजे तयार मिळणारा नव्हे, सुटे भाग निवडून घरी जोडलेला. घरात बारावी झालेले मूल असेल, तर ही मागणी आज ना उद्या आपल्याही दारात येईल, म्हणून माझा अनुभव सविस्तर सांगतो.

माझा नातू २०२४च्या मार्चमध्ये बारावीच्या परीक्षेतून मोकळा झाला. आधीच्या दोन हंगामांत त्याने तारकर्लीच्या एका निवास-न्याहारी घरात पाहुण्यांच्या नोंदी आणि बिले सांभाळून वीस हजार रुपये साठवले होते. एका संध्याकाळी तो ते पैसे आणि वहीचा एक कागद घेऊन माझ्यासमोर बसला. "आजोबा, उरलेल्यासाठी मला कर्ज द्या. व्याज लावा हवे तर." त्याच्या आजीने आतून एकच प्रश्न विचारला, "त्यात माणसे मारायची असतात का रे?" त्याला फुटबॉल, मोटारींची शर्यत आणि युरोपच्या रस्त्यांवरून मालट्रक हाकण्याचा एक खेळ, असे तीनच खेळ हवे होते. ट्रक हाकण्यासाठी कोणी हजारो रुपये खर्च करील, यावर तिचा अजूनही विश्वास नाही.

मी लगेच होकार दिला नाही, आणि त्याचे कारण वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. १९९८ साली याच ओसरीवर या मुलाच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, माझ्याकडे संगणक मागितला होता. त्या काळी त्याला माझे कित्येक महिन्यांचे वेतन पडले असते. शाखेत तेव्हा खातेवहीची यंत्रे वातानुकूलित खोलीत असत आणि आम्ही चपला बाहेर काढून आत जात असू. असली वस्तू समुद्रालगतच्या कौलारू घरात टिकणार नाही, असे मी ठामपणे सांगितले. खरे कारण हे होते की मला तो खर्च चैनीचा वाटला. त्याच वर्षी मी इतरांच्या मुलांना शिक्षणासाठी आणि रिक्षांसाठी कर्जे मंजूर करीत होतो. माझ्या मुलाने पुन्हा विषय काढला नाही. आज तो बाजारात रंग आणि हार्डवेअरचे दुकान चालवतो, घरी कमी बोलतो.

नातवाला मी पंचेचाळीस हजार दिले. एकूण पासष्ट हजार झाले. अट एकच घातली, की प्रत्येक वस्तू का घ्यायची, हे मला समजेपर्यंत ती घ्यायची नाही. पुढचे तीन आठवडे मी त्याचा विद्यार्थी होतो.

पहिली गोष्ट मला उलटी वाटली. मी यंत्रापासून सुरुवात करायला निघालो होतो, तो पडद्यापासून. पडदा चोवीस इंची, १९२० गुणिले १०८० बिंदूंचा घेतला, तर त्यावर चित्र रेखाटण्याचे काम किती, हे ठरते आणि त्यावरून ग्राफिक्स कार्ड ठरते. याहून मोठ्या तपशिलाचा पडदा घेतला, की कार्डाचा खर्च झपाट्याने चढतो. कर्जदाराची परतफेडीची ताकद पाहून कर्जाची रक्कम ठरवावी, तसेच हे.

दुसरा प्रश्न प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातील समतोलाचा. हा त्याने मला पडताळणी यंत्रांच्या भाषेत सांगितला, तो कळला नाही. मग मीच शाखेच्या भाषेत मांडला. समजा, खिडक्यांवर चपळ कारकून सहा आहेत आणि रोखपाल एकच आणि तोही सावकाश. रांग रोखपालापाशी तुंबणार, सहा कारकून रिकामे बसणार. उत्तम प्रोसेसर आणि हलके कार्ड म्हणजे ही स्थिती. उलट, महागडे कार्ड घेऊन जुजबी प्रोसेसर लावला, तर रोखपाल वाट पाहत बसतो. खेळांच्या संगणकात सर्वांत मोठी रक्कम कार्डावर जावी, प्रोसेसर त्याला पुरेसे काम पुरवणारा असावा, इतके तत्त्व धरले.

त्याने एएमडीचा रायझन ५ ५६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर आणि रेडिऑन आरएक्स ६६०० हे आठ जीबी स्मृतीचे कार्ड निवडले होते. मी बँकेच्या सवयीने हप्त्यांचा मार्ग सुचवला: आधी ५६००जी हा प्रोसेसर घ्यावा, त्यात चित्राची सोय अंगभूत असते, आणि कार्ड पुढच्या वर्षी. त्याचे उत्तर मला पटले. कार्ड आले, की त्या अंगभूत सोयीचे पैसे पडून राहतात; शिवाय ५६००जीमध्ये कॅशे स्मृती ५६००च्या निम्मी असते, त्यामुळे कार्ड लावूनही तो मागेच राहतो. ज्याला कार्ड कधी घ्यायचेच नाही, त्याच्यासाठी मात्र तो मार्ग चांगला. इंटेल घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसते. तो स्वस्त दिसतो, पण कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो.

आता हिशोब. भाव त्या मे महिन्याचे आणि ढोबळ आहेत; ते सतत हलतात, मेमरीचे तर फारच. प्रोसेसर ११,५००, कार्ड २१,०००, मदरबोर्ड ६,०००, सोळा जीबी मेमरी ३,६००, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी ५,५००, पॉवर सप्लाय ४,२००, कॅबिनेट ३,२००, पडदा ९,५००, कळफलक व माउस १,५००, यूपीएस ५,५००. बेरीज ७१,५००. अठरा टक्के जीएसटी यात धरलेला आहे. तूट साडेसहा हजारांची.

तूट दिसली, की लोक प्रथम पॉवर सप्लायवर कात्री चालवतात, कारण तो दिसत नाही आणि त्याने खेळ वेगाने पळत नाही. दुकानदारही कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळणारा पुढे करतात. इथे मी प्रथमच नातवावर आवाज चढवला. आपण कोकण किनाऱ्यावर राहतो. पावसाळ्यात माडाचे झाप तारांवर पडतात, वीज तासात चारदा जाते-येते, आणि येताना कधी कमी, कधी जास्त दाबाने येते. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा गावोगाव कित्येक दिवस अंधार होता. अशा ठिकाणी पॉवर सप्लाय हा जामीनदार आहे. तो बुडाला, तर इतरांनाही घेऊन बुडतो. या प्रोसेसरची कमाल उष्णतेची मर्यादा ६५ वॉट, कार्डाची भूक १३२ वॉट. बाकी सारे धरूनही तीनशेच्या आत. नामांकित कंपनीचा साडेपाचशे वॉटचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा पुरवठा त्याला ऐसपैस होतो. ते प्रमाणपत्र केवळ वीज किती वाया जाते ते सांगते, म्हणून त्यात जास्त दाबापासून आणि शॉर्टसर्किटपासूनचे संरक्षण आहे का, हे माहितीपत्रकात वेगळे पाहावे.

यूपीएसविषयी दोन शब्द. खोक्यावर १००० व्हीए असे ठळक छापलेले असते, पण त्यातून मिळणारे वॉट बहुधा सहाशेच्या आसपास असतात. दर्शनी मूल्य आणि वसुली मूल्य यांतला फरक आम्हा बँकवाल्यांना नवा नाही. घरातला इन्व्हर्टर दिवे-पंख्यांसाठी ठीक. तो चालू होताना जो क्षण जातो, त्यात संगणक बंद पडू शकतो. यूपीएसने खेळत बसायचे नसते. दहा मिनिटांत नीट बंद करण्यापुरती ती उसंत.

आणि अर्थिंग! आमच्या जांभ्या दगडाच्या घरात तिसऱ्या पिनेला वर्षानुवर्षे काही जोडलेलेच नव्हते, हे या निमित्ताने कळले. कॅबिनेटला हात लावला, की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. वायरमनला बोलावून अंगणात ओलाव्याच्या जागी, विहिरीच्या कडेला, नवे अर्थिंग करून घेतले. हा खर्च आणि यूपीएसचे साडेपाच हजार मी नातवाच्या खात्यातून काढून घराच्या खात्यात टाकले, कारण त्याचा लाभ साऱ्या घराला होतो. लेखापरीक्षकाने यावर शेरा मारला असता, पण आमच्या घरी लेखापरीक्षक नाही. उरले ६६,०००. एक टीबीऐवजी पाचशे जीबीची एसएसडी ३,२००ला घेतली. ही एकच वस्तू अशी आहे, की पुढे दुसरी जोडता येते आणि आधीची वाया जात नाही. बेरीज ६३,७००, शिल्लक १,३००. विंडोजचा परवाना या हिशोबात नाही. तो माझ्या मुलाने दुकानाच्या गल्ल्यातून परस्पर घेतला आणि मला रक्कमही सांगितली नाही.

जुने कार्ड अर्ध्या किमतीत मिळते, असे अनेकजण सांगतील. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते 'खणण्याचे' काम संपले. महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात ओतली गेली. कणकवलीच्या एका परिचिताच्या मुलाने असेच एक, बिलाशिवाय, घेतले; चार महिन्यांत ते गेले, आणि विकणाऱ्याचा फोनही लागेना. जुने सरसकट वाईट असते असे नाही, पण शिल्लक वॉरंटी आणि मूळ बिल नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

मेच्या अखेरीस, कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू होण्याआधी, आम्ही दोघे कुडाळहून रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईला गेलो. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही सुट्या भागांची मोठी बाजारपेठ. पाच दुकानांत विचारल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, असे ठरले होते. तिसऱ्यातच माझे पाय बोलू लागले. नातवाने प्रत्येक दुकानात एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नसता: "या बी४५० बोर्डाचे बायॉस रायझन ५००० मालिकेसाठी अद्ययावत आहे ना?" जुना साठा असेल, तर बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही. मी माझे काम केले. पक्के जीएसटी बिल घेतले, त्यावर प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक लिहून घेतला आणि खोक्यावरच्या अनुक्रमांकाशी पडताळला. कार्डाच्या बाबतीत एक अंक चुकला होता. वॉरंटीचा दावा करताना तो एक अंक आपल्याला पार्सलासह मुंबईला परत पाठवतो.

जोडणीला एक रविवार लागला. मेमरीच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या का, सोळाची एक का नाही, तर दोन खिडक्या एकाच वेळी उघड्या राहतात. त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. सारे झाले, कळ दाबली, पंखे फिरले, पडदा काळा. पाच मिनिटे, दहा मिनिटे. नातवाचा चेहरा पाहवेना. ६३,७०० रुपये माझ्या डोळ्यांसमोरून गेले. तेवढ्यात दुकानातून जेवायला आलेला माझा मुलगा दारात उभा राहून पाहत होता. तो वाकला, पडद्याची तार मदरबोर्डातून काढून खाली कार्डात लावली. चित्र आले. "या प्रोसेसरला चित्राची सोय नाही, तर बोर्डातून कसे येईल," एवढेच म्हणून तो हात धुवायला गेला. याने हे कधी वाचले, हे मी विचारले नाही. जेवणानंतर त्यानेच बायॉसमध्ये जाऊन मेमरीचा एक्सएमपी चालू करून ती ३२०० वर नेली, आणि विंडोजमध्ये पडद्याचा वेग ६० वरून १४४ हर्ट्झ केला. हे दोन्ही आपोआप होत नाही. कित्येकजण पैसे भरूनही वर्षभर कमी वेगानेच वापरतात.

आता दोन पावसाळे गेले. खारी हवा खिडकीचे लोखंडी गज खाते, तिथे तांब्याच्या बारीक रेघांचे काय. धुळीने ओलावा धरला, की गंज लवकर चढतो. म्हणून कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, जमिनीपासून हातभर वर ठेवला आहे. जाळ्या दर पंधरवड्याला कुंचल्याने झाडतो आणि पावसाळ्यात वापर नसला, तरी रोज तासभर चालू ठेवतो, म्हणजे आतली ऊब ओल धरू देत नाही. चालू असताना वर कापड टाकू नये, हे त्याच्या आजीला तीनदा सांगावे लागले.

नातू आता कोल्हापुरात शिकतो, सुट्टीत येतो. रात्री दुकान बंद करून आलेला माझा मुलगा जेवण झाल्यावर तासभर त्या खोलीत बसतो. मी एकदा डोकावलो, तर तो पोलंडमधून जर्मनीत सिमेंट नेत होता. मला पाहून त्याने खुर्ची थोडी सरकवली. मी बसलो. बोलणे फार झाले नाही. पुढच्या वळणावर वेग कमी कर, असे मी एकदा म्हणालो आणि त्याने केला.

ती शिल्लक १,३०० रुपये नातवाने मला परत केली होती. दिवाळीत त्यातून हाताचा एक कंट्रोलर आला. वहीत रक्कम लिहिली, तारीख लिहिली आणि 'कोणासाठी' या रकान्यात मुलाचे नाव लिहिले.