कान शाबूत आहेत तोंवर

गेल्या सहा महिन्यांत प्रस्तुत लेखकास एक नवें व्यसन जडलें आहे, असें आमच्या घरांतील मंडळींचें एकमत आहे. व्यसन तसें निरुपद्रवी आहे. दर शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर माडीवरच्या खोलींत बसून एक संपूर्ण आल्बम, मग तो कोणत्याही देशाचा, भाषेचा वा पंथाचा असो, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावयाचा; मध्यें उठावयाचें नाहीं आणि बोलावयाचें नाहीं. धाकट्या बंधूंचा नातू या सत्राचा यजमान. तबकड्या त्याच्या, यंत्र त्याचें, सुई पुसण्याचा कुंचलाही त्याचा. माझे फक्त कान.

आणि प्रश्न आहे तो त्या कानांचाच. गेल्या वर्षीं कानांच्या डॉक्टरांनीं माझ्या श्रवणशक्तीचा आलेख काढून हातांत दिला. खालच्या नादांपाशीं रेघ सपाट चालते. पुढें ती घाटावरून कोंकणांत उतरावी तशी उतरूं लागते. वयोमानानें पुष्कळांचें असेंच होतें. प्रथम जातात ते अतितार नाद. वर्णांमध्यें ऊष्म वर्णांचा नाद फार वरचा असतो. तीस वर्षें मीं वर्गावर्गांतून श, ष, स यांचीं स्थानें घोकून घेतलीं, आणि आतां शेजारच्या खोलींतून कोणी 'शाल' म्हणालें कीं 'साल', हें मला संदर्भावरून ठरवावें लागतें. पाणिनीनें या अडचणीसाठीं सूत्र केलेलें नाहीं.

थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, आलेख पाहून स्पष्टच सांगितलें, "अरे, उरलेत तेवढे कान मल्लिकार्जुनांसाठीं, किशोरीताईंसाठीं राखून ठेव. म्हातारपणीं पुंजी अशी उधळूं नये." दादांचें बोलणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. त्यांनीं जन्मभर गाणें ऐकलें आहे, आणि मला जें थोडें कळतें तें त्यांच्यामुळेंच. तरीही मला तें पटत नाहीं. कारण असें कीं, आपलें गाणें आतां केवळ कानांत राहिलेलें नाहीं. चाळीस-पन्नास वर्षांच्या सहवासानें तें स्मरणांत मुरलें आहे. कानांनीं एक भाग दिला तर उरलेले तीन स्मृति पुरविते. अपरिचित संगीताच्या बाबतींत स्मृतीपाशीं पुरविण्यास कांहींच नसतें. तें आतांच ऐकलें पाहिजे, नाहींतर तें कायमचेंच राहिलें.

आल्बम या शब्दाविषयीं दोन शब्द, कारण तरुण वाचक गाणीं सुटीं सुटींच ऐकतात. आमच्या लहानपणीं घरांत आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता. मिनिटास ७८ फेरे घेणारी ती तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें वाजे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हांपासून आमच्या गवयांनीं त्या तीन मिनिटांत राग बसविण्याची विद्या साधली. पाश्चात्यांच्या लांब रचना अनेक तबकड्यांवर तोडून, फोटोंच्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणींत घालून विकीत. आल्बम हें नांव तेथून आलें. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें सावकाश फिरणारी तबकडी काढली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटें मावूं लागलीं, आणि चाळीस मिनिटांचा एक नवाच घाट तयार झाला. कोणतें गीत आधीं, कोणतें मागून, पहिली बाजू कोठें सोडावी, याला अर्थ आला. आमच्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत, सुटें गाणें हें मुक्तक आणि आल्बम हा प्रबंध. प्रबंधांतला चौथा सर्ग तेवढा वाचून कवीवर मत देणारा विद्यार्थी मीं वर्गांत उभा केला असता.

अभिनवगुप्ताचार्यांनीं रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांतील पहिलें संभावनाविरह: समोर जें चाललें आहे तें संभवनीयच वाटत नाहीं, म्हणून चित्त त्यांत शिरत नाहीं. त्यांचें विवेचन नाट्यासंबंधीं आहे, पण परक्या संगीतास तें जसेंच्या तसें लागूं पडतें. पहिल्या श्रवणाचा सारा वेळ हें विघ्न हटविण्यांतच जातो. म्हणून आमच्या सत्राचा नियम असा कीं, दोनदां ऐकल्यावांचून कोणीं मत द्यावयाचें नाहीं.

आरंभ जॅझपासून केला: माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू'. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्यें कोलंबियाचें ध्वनिमुद्रणगृह होतें. तेथें १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्यें दोन दिवसांत ही तबकडी तयार झाली. तोंवरच्या जॅझमध्यें आधारस्वरांचे समूह इतक्या झपाट्यानें बदलत कीं वादकास दम खाण्यास सवड नसे. डेव्हिस यांनीं ती धांवपळ बंद करून वादकांस थोड्याशा स्वरसप्तकांवर मोकळें सोडलें. शेवटच्या 'फ्लेमेंको स्केचेस' या रचनेंत तर पांच सप्तकें ठरवून दिलीं आहेत, आणि प्रत्येकानें एकेकांत वाटेल तितका वेळ रेंगाळावें एवढाच संकेत. हें मीं सांगतांच दादा म्हणाले, "मग हा आलापच झाला." तसें मात्र नाहीं. आमचा षड्ज अंगणांतल्या तुळशीसारखा जागचा हालत नाहीं. येथें तुळसच उचलून दुसऱ्या अंगणांत नेतात, आणि ऐकणाऱ्यानें प्रदक्षिणा पुन्हां नव्यानें सुरू करावयाची. तें एकदां ध्यानांत आल्यावर मला या तबकडीनें जी शांतता दिली ती थोड्या मैफलींनीं दिली असेल.

दादांना या आल्बमांतील एकच गोष्ट मनापासून आवडली. मार्चमधील मुद्रणाच्या वेळीं यंत्राची गति किंचित् मंद होती, त्यामुळें पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर थोड्या चढ्या स्वरांत वाजत. ही चूक १९९२ सालच्या आवृत्तींत दुरुस्त झाली. "तेहतीस वर्षें षड्ज चढा, आणि लोक माना डोलावीत होते!" असें म्हणून ते दोन दिवस खुशींत होते.

पहिल्या रचनेंत डेव्हिस यांचें ट्रंपेट एकटें पुढें येतें, त्याच क्षणीं जिमी कॉब झांजेवर एक आघात करतात. आघात मला ऐकूं आला. नातू म्हणाला, "आजोबा, खरी मजा त्याच्यापुढें आहे, ती झांज अजून तरंगते आहे." दुसऱ्या वेळीं त्यानें आघातासरशी बोट वर केलें आणि नाद विरेपर्यंत तसेंच धरून ठेवलें. माझा नाद संपला तेव्हां त्याचें बोट वरच होतें. मीं त्याच्या बोटाकडे पाहत राहिलों.

त्याच चर्चमध्यें १९५५ च्या जूनमध्यें बावीस वर्षांच्या ग्लेन गूल्ड यांनीं बाख यांची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना पियानोवर वाजविली, आणि १९८१ सालीं तेथेंच पुन्हां वाजविली. त्या वास्तूंतील अखेरच्या मुद्रणांपैकीं तें एक. रचना १७४१ मध्यें छापलेली: एक मूळ गत, तिच्यावर तीस रूपांतरें, आणि शेवटीं तीच गत पुन्हां, एका स्वराचाही फरक न करतां. बहुतेक दर तिसऱ्या रूपांतरांत एकच पद दोन आवाज मागेंपुढें म्हणतात, जणूं गुरूच्या मागून शिष्य संथा म्हणतो आहे. वेदपाठशाळेवरून ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांस या गोष्टीचें कौतुक अधिक वाटेल. पहिलें वादन सुमारें ३८ मिनिटांचें, दुसरें ५१ मिनिटांचें. पण हा फरक केवळ लयीचा नव्हे, दुसऱ्या वेळीं गूल्ड यांनीं कांहीं भागांची पुनरावृत्तिही केली आहे. मूळ गत मात्र खरोखरच संथ झालेली आहे. दोन्ही वादनांत ते मधून मधून गुणगुणतात, आणि तें गुणगुणणें खालच्या स्वरांत असल्यामुळें मला अगदीं स्वच्छ ऐकूं येतें!

नातवास १९८१ चें वादन प्रिय, मला १९५५ चें. घरांतल्यांस हें उलटें वाटतें. पण दुसऱ्या वादनांत प्रत्येक स्वर तोलून मापून ठेवलेला आहे, आणि तसलें तोलणें मला रोज पुरेसें घडतें. जिन्याची पायरीही आतां आम्ही तोलूनच उतरतों. मला तो बावीस वर्षांचा मुलगा आवडतो, ज्याला अजून कोणाचीच भीति नाहीं. दुसरी तबकडी प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत, ४ ऑक्टोबर १९८२ रोजीं, गूल्ड वारले. हें ठाऊक असल्यामुळें लोक तिच्यांत जास्त अर्थ ऐकतात, असा मला संशय आहे.

कांहीं तबकड्यांवर फार शाई खर्च करण्याचें कारण नाहीं. रामोन्स नांवाच्या मंडळींनीं १९७६ सालीं चौदा गीतें अर्ध्या तासाच्या आंत उरकलीं. तबकडी संपली तेव्हां माझा चहाही संपला नव्हता. जॉनी कॅश यांनीं १३ जानेवारी १९६८ रोजीं फॉल्सम येथील तुरुंगांत कैद्यांपुढें गाऊन केलेला आल्बम त्याहून पुष्कळ सरस आहे. अखेरचें भजन तेथल्याच ग्लेन शेर्ली या कैद्यानें रचलेलें, आणि मध्येंच तुरुंगाच्या कर्ण्यावरील सूचना तशाच ऐकूं येतात. मात्र पहिल्याच गीतांत खुनाच्या उल्लेखावर जो जल्लोष उठतो, तो मागाहून जोडलेला आहे. कैदी त्या जागीं गप्पच होते. त्यांचें तें गप्प राहणें तबकडीवर हवें होतें.

बीटल्स यांच्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' (१९६७) या आल्बमाची कीर्ति मोठी, परंतु दोनदां ऐकूनही मला तो जत्रेंतल्या दुकानांसारखा वाटला: वस्तु पुष्कळ, घर कोणाचेंच नाहीं. दुसऱ्या बाजूच्या आरंभीं जॉर्ज हॅरिसन यांचें दिलरुबा-तबल्याचें गाणें आहे. पाहुण्यानें आपल्याच घरचें पक्वान्न आपल्याला वाढावें, तसें तें आम्हीं अदबीनें घेतलें. अखेरीस पियानोंचा एक संघनाद उठून कितीतरी वेळ विरत जातो. तो खरोखर भव्य आहे. त्यानंतर या विनोदी गृहस्थांनीं सुमारें १५,००० कंपनांचा एक नाद घालून ठेवला आहे, कुत्र्यांना ऐकूं जावा म्हणून. नातवानें कपाळाला आठी घातली. दादा आणि मी स्वस्थ बसून होतों.

अरीथा फ्रँकलिन यांचा 'अमेझिंग ग्रेस' लावला त्या रात्रीं वहिनी विरजण लावून सहज वर आल्या. १९७२ च्या जानेवारींत लॉस एंजलिसच्या एका चर्चमध्यें दोन रात्रीं भाविकांसमोर झालेलें हें गाणें. मागें गायकवृंद, आणि समोरचे लोक मधून मधून हांका देतात. वहिनींना इंग्रजी येत नाहीं. दारांतच उभ्या राहून त्यांनीं विचारलें, "भावोजी, ही बाई कोणाला बोलावते आहे?" मी म्हणालों, "देवाला." "तें कळलें हो. पण तो येत नाहींसें दिसतें." मुख्य गीत दहा मिनिटांहून अधिक चालतें, एकेका अक्षरावर ती बाई थांबते, फिरते, पुन्हां तेथेंच येते. आमच्या नियमाविरुद्ध वहिनी मध्येंच बोलल्या, "आला वाटतें." मग त्या खालीं बसल्या, आणि दुसरी तबकडी संपेपर्यंत उठल्या नाहींत. संभावनाविरहाचें विघ्न त्यांना मुळीं झालेंच नाहीं.

दादांच्या समाधानासाठीं एक शनिवार किशोरी आमोणकर यांच्या भूप आणि बागेश्रीच्या तबकडीस दिला. तेव्हां एक विलक्षण गोष्ट घडली. तंबोऱ्याची जवारी, तिच्यांतून निघणारे ते बारीक वरचे स्वर, मला स्पष्ट ऐकूं आले. डॉक्टरांच्या आलेखाप्रमाणें ते येऊं नयेत. मीं नातवास यंत्र बंद करावयास सांगितलें. तरीही ते कांहीं क्षण चालूच होते. दादांना मीं हें सांगितलें तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत, मग म्हणाले, "तर मग परक्यांचें आधीं ऐकून घे."

त्यानंतर आम्हीं क्रमच बदलला. बॉब मार्ली यांचा 'एक्सोडस' (१९७७) नातवानें मागें ठेवला आहे, कारण त्यांत खर्ज ठळक आहे आणि तो मला पुढेंही पुरेल. व्हायोलिन, उंच आवाजाच्या गायिका, झांजा हें सारें आधीं. येत्या शनिवारीं यहुदी मेनुहिन आणि रविशंकर यांची १९६७ सालची तबकडी आहे, आणि दादांनीं आपली खुर्ची दुपारींच माडीवर नेऊन ठेविली आहे.