महालक्ष्मीचे ताट आणि अविपत्तिकराची पुडी

भाद्रपदात विदर्भात घरोघरी महालक्ष्म्या येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन व महाप्रसाद, मूळावर विसर्जन हा क्रम सर्वपरिचित आहे. त्यापुढचा क्रम मात्र आपणांसच ठाऊक ! विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून चिकित्सालयात अम्लपित्त व आध्मानाचे रुग्ण येऊ लागतात आणि गांधीबागेतील औषधांच्या पेठेत अविपत्तिकर, हिंग्वाष्टक, लवणभास्कर यांची विचारणा वाढते.

यावर उपाय म्हणून हल्ली नैवेद्यात ओट्सची खीर, पनीरची भाजी, कृत्रिम गोडी घातलेले पुरण सुचविले जाते. मला हे मान्य नाही. बाहेरून काही आणण्यापूर्वी ताटातून काय नाहीसे झाले ते पाहावे.

ज्वारीची आंबील हा या नैवेद्यातील मुख्य पदार्थ. आज ती वाटीच्या तळाशी चमचाभर उरली आहे. दोडका, पडवळ, कारले, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, लाल भोपळा अशा सोळा भाज्यांची एकत्र भाजी ही ऋतूतील ताज्या भाज्यांची योजनाच होय. तीही आता नेमापुरती होते. याउलट पुरणपोळी, वडे, भजी, अनारसे यांची संख्या वाढली आहे. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो व पित्ताचा संचय होतो. शरदात तेच प्रकुपित होते. अशा काळी आंबील व भाजी पोटभर आणि तळण चवीपुरते, असे ताट उलटे वाढावयास हवे. आंबील मात्र ताजी असावी, फार आंबवलेली नको. रक्तपित्ताच्या रुग्णास तर ती देऊच नये.

पण खरा दोष पदार्थांहून अधिक वेळेचा आहे. चरकाचार्यांनी आहारविधीच्या आठ आयतनांत राशीबरोबर कालही सांगितला आहे. आपल्याकडे पूजा, आरती, नैवेद्य, मग ब्राह्मण-सवाष्ण, मग पुरुषमंडळी आणि शेवटी घरच्या स्त्रिया. सकाळपासून निराहार राहून, चुलीजवळ राबून, सायंकाळी पाच वाजता गार झालेले पुरण व थिजलेले तूप त्यांच्या वाट्यास येते. अन्न उष्ण असावे हा भोजनाचा पहिलाच नियम त्यांच्याच बाबतीत मोडतो. अम्लपित्ताच्या या दिवसांतील रुग्णांत गृहिणीच अधिक का, याचे उत्तर येथे आहे. सोवळे न मोडता त्यांना दुपारी मुगाचे कढण घेता येईल. पुरोहितांनीच तसे सांगितल्यास घरातील ज्येष्ठही आक्षेप घेणार नाहीत.

बदल एकदम करू नये. असात्म्य सवय पादांशक्रमाने सोडावी, हे आपण रुग्णास सांगतोच. पहिल्या वर्षी वनस्पती तूप व पुनःपुन्हा तापविलेले तेल बंद करावे, पुढच्या वर्षी तळणाचा एक प्रकार कमी करावा. मधुमेही वृद्धांस पुरणपोळी नाकारण्यापेक्षा चतकोर द्यावी व भात वगळावा. प्रसाद नाकारला गेल्याचे दुःखही त्यांना होऊ नये.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. चूर्णांचा साठा श्रावणातच भरला जातो; त्याच सुमारास दुकानात आंबिलीचे व कढणाचे प्रमाण लिहिलेला एक फलक लावावा. चूर्णाची विक्री किंचित घटेल, हे मी जाणतो. माझ्या घरी गतवर्षी आंबिलीची वाटी मोठी झाली. मातोश्रींनी ते मान्य केले. अनारशांबाबत मात्र त्यांनी माझे काही एक ऐकले नाही.