वाइनच्या बाटलीवर द्राक्षाआधी गाव हवं

वाइन घ्यायला गेलेलं आपल्याकडचं गिऱ्हाईक पहिल्यांदा द्राक्षाचं नाव विचारतं. शिराझ आहे का, कॅबर्ने आहे का, असा प्रश्न येतो आणि नाव कळलं की चव कळली असं गृहीत धरलं जातं. उत्पादकही याच समजुतीला धरून बाटलीवर वाणाचं नाव ठळक छापतात आणि गावाचं नाव छापलंच तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. हा क्रम उलटा हवा. वाण सांगितल्याने जेवढं कळतं, त्याहून अधिक वेल कुठल्या जमिनीत, किती उंचीवर आणि कोणत्या नियमांखाली वाढली यातून कळतं. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ग्रनाश या लाल द्राक्षाने दिला आहे. स्पेनमध्ये त्याला गार्नाचा म्हणतात, तर सार्डिनिया बेटावर कॅनोनाऊ. भूमध्य समुद्राच्या काठाने पसरलेलं हे द्राक्ष पुढे ऑस्ट्रेलियातही रुजलं.

पुरावा म्हणून ग्रनाश निवडण्याला कारण आहे. कॅबर्ने सोव्हिन्यॉंची साल जाड, तुरटपणा देणारं टॅनिन भरपूर आणि वास इतका ठाशीव, की कुठेही लावलं तरी ते आपली ओळख सहसा सोडत नाही. ग्रनाशचं तसं नाही. त्याची साल पातळ, रंग फिका, आम्लता बेताची. ते उशिरा पिकतं आणि पिकता पिकता साखर भरपूर साठवतं, त्यामुळे वाइनमध्ये १४-१५ टक्के अल्कोहोल सहज उतरतं. खोड बळकट असल्याने वारा आणि दुष्काळ ही वेल निभावून नेते. मात्र पाणी आणि खत सढळ मिळालं तर घड लगडतात आणि वाइन पाणचट होते. म्हणूनच ग्रनाशला बरीच वर्षं स्वस्त, घाऊक वाइनचं द्राक्ष मानलं गेलं. वाणाचा स्वतःचा ठसा असा सौम्य असल्यामुळे जमिनीतला फरक त्याच्या वाइनमध्ये लपत नाही.

फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्यातलं शातोनफ-द्यू-पाप पाहा. तिथल्या उत्पादकांनी १९२३ पासून आखलेल्या नियमांवर १९३६ मध्ये कायद्याची मोहोर उमटली. नियमांत १३ वाणांना परवानगी आहे, पण बहुतांश क्षेत्र ग्रनाशचंच. तिथल्या अनेक बागांत मुठीएवढे गोल गोटे पसरलेले असतात. ते दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब सोडतात. वाइन त्यामुळे भरदार, उष्ण आणि पिकल्या फळांच्या चवीची होते. त्याच हद्दीतल्या शातो रायास या वाइनरीची जमीन मात्र वाळूची आहे आणि भोवती झाडी असल्याने थंडावा राहतो. तिथली जवळपास निव्वळ ग्रनाशची वाइन रंगाने फिकी आणि सुगंधाने नाजूक असते. स्पेनमध्ये कातालोनियातल्या प्रियोरातच्या उतारांवर लिकोरेया नावाचा काळा पाटीचा दगड आहे. पाऊस कमी, माती पातळ. जुन्या वेलींना दगडाच्या भेगांतून मुळं खोल न्यावी लागतात आणि पीक अगदी थोडं येतं. तिथली वाइन गडद, दाट आणि घट्ट. माद्रिदच्या पश्चिमेला ग्रेदोसच्या डोंगरांत ग्रॅनाइटची वाळू आहे आणि काही बागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्याही वर आहेत. रात्री थंड असल्याने आम्लता टिकते. अल्कोहोल कमी नसलं तरी वाइन लालसर, पारदर्शक आणि हलकी वाटते. प्रियोरात आणि ग्रेदोसच्या बाटल्या शेजारी ठेवल्या, तर दोन्हींत द्राक्ष एकच आहे हे नवख्या माणसाला पटणारही नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की या वाइन अनेकदा मिश्र असतात. शातोनफमध्ये सिरा आणि मूर्व्हेद्र मिसळतात, प्रियोरातमध्ये कारिन्येना. हे खरं आहे, पण म्हणूनच रायास आणि ग्रेदोसच्या एकवाणी वाइन महत्त्वाच्या ठरतात. मिश्रण बाजूला ठेवलं तरी फरक उरतोच. दुसरा आक्षेप भूगर्भशास्त्रज्ञांचा आहे. मुळं दगडाची चव शोषून फळात नेत नाहीत, असं ते सांगतात आणि ते बरोबरच आहे. जमिनीचं काम वेगळं असतं: पाण्याचा निचरा किती, ऊब किती आणि मुळं किती खोल, हे ती ठरवते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वाइन माणूस बनवतो, मग श्रेय जमिनीला का? दक्षिण ऑस्ट्रेलियात बरोसा आणि मॅक्लॅरन व्हेलच्या ग्रनाशपासून बराच काळ पोर्टसारख्या गोड, कडक वाइन निघत. त्यांची मागणी ओसरल्यावर १९८० च्या दशकात जुन्या वेली उपटण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांना पैसे दिले. तिथे वेली मारणारी फिलॉक्सेरा ही कीड कधी पोहोचली नाही, म्हणून वाचलेल्या काही वेली शंभरीपार आहेत आणि आज त्यांच्याच द्राक्षांना मान आहे. म्हणजे माणसाची दृष्टी बदलली की वाइन बदलते. मात्र प्रियोरातला १९८९ मध्ये नवी ओळख देणारे वाइन उत्पादक रने बार्बिए आणि आल्वारो पालासिओस यांनाही त्यासाठी पाटीच्या दगडातल्या जुन्या वेलींचाच आधार घ्यावा लागला. कौशल्याला वाव देणारी आणि मर्यादा घालणारी अखेर जमीनच असते.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखं बरंच आहे. युरोपात उन्हाळा सरताना द्राक्ष पिकतं. नाशिकला ऑक्टोबर छाटणीनंतर थंडीत पिकून ते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतं. म्हणजे शिराझ नाव तेच असलं तरी पिकण्याचा ऋतूच वेगळा. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि दिंडोरीचं नाव एका प्रसिद्ध वाइनवर झळकतंही. पुढची पायरी म्हणजे गाव, उंची, मातीचा प्रकार आणि वेलीचं वय प्रत्येक बाटलीवर ठळक छापणं. उत्पादकांनी ही माहिती स्वतःहून द्यावी आणि ग्राहकांनी ती मागावी. पुढच्या वेळी दुकानात द्राक्षाचं नाव विचारण्याआधी बाग कुठली, हे विचारा.