गोळीचं नाव काय?



औषधांचा प्रश्न स्त्री-चळवळीला नवा नाही. ऐंशीच्या दशकात ई.पी. फोर्टच्या गोळ्यांविरुद्ध आपण रस्त्यावर आलो. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध १९८६ साली स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘आमच्या शरीरात काय जातं ते आम्हाला सांगा’ ही तेव्हाची मागणी आजही जुनी झालेली नाही. पण ते बहुतेक लढे गर्भाशयाभोवतीचे होते. चाळिशी ओलांडलेली बाई जी गोळी रोज सकाळी, जन्मभर घेते, तिच्याबद्दल आपण फारसं बोललोच नाही. म्हणून या वेळी मी बी.पी.च्या गोळीबद्दल लिहिते आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पंधरा वर्षांवरच्या दर शंभर बायकांमागे एकवीस जणींचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा त्यासाठी औषध चालू आहे. म्हणजे आपल्या कुठल्याही बैठकीत चार-पाच जणी तरी सापडतील. यातल्या काहींना एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावाची गोळी दिलेली असते. औषध चांगलं आहे. ते हृदयाला आणि मधुमेहात मूत्रपिंडाला आधार देतं, लाखो लोकांचं आयुष्य त्याने वाढवलं आहे. पण या गोळीमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साठतं आणि काही जणांना त्याचा त्रास होतो. सौम्य त्रास म्हणजे कोरडा, चिवट खोकला. तो पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. गंभीर त्रास म्हणजे ओठ, जीभ, चेहरा, घसा अचानक सुजणं. डॉक्टरी भाषेत याला अँजिओएडिमा म्हणतात. तो हजारात एखाद-दुसऱ्या व्यक्तीला, फार तर सहा-सात जणांना होतो. इथेही बायकांचं प्रमाण जास्त आहे. सूज घशात उतरली तर श्वास बंद पडू शकतो.

ही सूज फसवी असते. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत येऊ शकते, तशीच काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही. रोजच्या सवयीच्या गोळीवर मग कोणाचाच संशय जात नाही. नेहमीच्या अ‍ॅलर्जीसारखी खाज सुटत नाही, अंगावर पित्त उठत नाही. ‘काहीतरी चावलं असेल’ म्हणून घरीच हळद लावली जाते. पहिल्यांदा एक-दोन दिवसांत ती आपोआप उतरते, बाई गोळी घेतच राहते आणि पुढच्या वेळची सूज जास्त घातक असू शकते. शिवाय खरं पाहता ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हेच. त्यामुळे अ‍ॅलर्जीवरच्या ठरलेल्या इंजेक्शनांचा भरवसा धरता येत नाही. श्वासाची वाट मोकळी ठेवण्याची सोय जिथे आहे, अशाच दवाखान्यात जावं लागतं.

आता प्रश्न असा की बाईने हे सांगितलं तर ऐकतं कोण? खोकल्याची तक्रार केली की सिरप मिळतं, फार तर थुंकी तपासली जाते. ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हे विचारलं जातंच असं नाही. घरात म्हणतात, वय झालं. दवाखान्यात म्हणतात, टेन्शन घेऊ नका. बाईचं सांगणं पुरावा न मानण्याची ही सवय खोलवरची आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं आणि ते धोरण १९९३ साली बदललं. संरक्षणाच्या नावाखाली बायकांच्या शरीराबद्दलचं अज्ञान तेवढं वाढलं.

आमच्या गटात एका बैठकीला मी सगळ्यांना आपापल्या बी.पी.च्या गोळ्या घेऊन यायला सांगितलं. पदराच्या गाठीतून, पर्समधून तुकडे निघाले. बहुतेक पट्ट्या कात्रीने कापलेल्या. नाव एका तुकड्यावर अर्धं, मुदतीची तारीख दुकानातच राहिलेली. ‘ती पांढरी, बारकी’ एवढीच ओळख. महिन्याची पट्टी एकदम घ्यायला पैसे नसतात, म्हणून पाच-पाच गोळ्या आणायच्या. ज्या गोळीचं नावच माहीत नाही, तिच्याबद्दल तक्रार तरी कशी करणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक बाईला तिच्या गोळीचं नाव माहीत असलं पाहिजे. दुकानदाराकडून ते कागदावर लिहून घ्या. ‘प्रिल’ची गोळी असेल आणि कोरडा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना गोळी बदलण्याबद्दल विचारा, दुसऱ्या गटातल्या गोळ्या आहेत. ओठ, जीभ सुजली, आवाज बदलला, गिळता येईना, तर पुढची गोळी घेऊ नका, सकाळची वाट पाहू नका, पट्टी हातात घेऊन ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा. असं एकदा झालं की ‘प्रिल’ची कोणतीच गोळी पुन्हा कधीही घ्यायची नाही. मधुमेहासाठी ‘ग्लिप्टिन’ने संपणाऱ्या नावाची गोळी सोबत असेल तर धोका वाढू शकतो, तेही सांगा. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल, तर ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ दोन्ही गर्भाला घातक आहेत, हे आधीच बोला.

आणि हे वाचून घाबरून कोणी बी.पी.चं औषधच सोडू नका. न आवरलेल्या रक्तदाबाने पक्षाघात होतो, आणि तो या सुजेपेक्षा कितीतरी जास्त बायकांना गाठतो. गोळी बदलायची असते, उपचार सोडायचा नसतो.

शेवटची गोष्ट नोंदीची. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी सरकारी यंत्रणा आहे. तिथे रुग्ण स्वतः तक्रार करू शकतो. १८००-१८०-३०२४ हा फोन त्यासाठीच आहे, पैसे पडत नाहीत. नोंद झाली नाही तर त्रास झालाच नाही, असं धरलं जातं. घरातल्या मारहाणीबद्दल हे आपण फार पूर्वी शिकलो आहोत. येत्या बैठकीत सगळ्याजणींना आपापल्या पट्ट्या आणायला सांगा, नावं मोठ्याने वाचा, वहीत लिहा. काय आढळलं ते आम्हाला जरूर कळवा.