नदीचे मुख आणि दगडी भिंती

पावसाळा लागला की गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वादच्या किल्ल्याजवळ, वाळूचा दांडा व खवळलेल्या लाटा मिळून जलमार्ग अडवितात. अशा वेळी मालवाहू बार्जना कुंभारजुवे कालव्याच्या आडमार्गाने झुआरी नदीत उतरून मुरगाव बंदर गाठावे लागते. भर पावसात नदी दुथडी वाहत असता तिच्या दाराशीच नौकांची वाट बंद व्हावी, हे कसे?

लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरक्या येतात आणि प्रत्येक लाट वाळूचे कण थोडे थोडे पुढे सरकविते. किनाऱ्याला समांतर अशी वाळूची ही वाटचाल अखंड चालू असते. नदी समुद्राला मिळते तेथे तिचे पात्र फाकते, वेग मंदावतो आणि आपला गाळही ती तेथेच टाकते. या दोहोंमुळे मुखाशी दांडा तयार होतो.

यावर स्थापत्यशास्त्राने योजलेला एक उपाय म्हणजे जेट्टी. हा शब्द ऐकताच होडीत चढण्याचा धक्का आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु येथे अभिप्रेत आहेत त्या मुखाच्या दोन्ही काठांपासून समुद्रात शिरलेल्या दगडी भिंती. त्या सरकणारी वाळू बाहेर थोपवितात, लाटांचा मारा अडवितात आणि प्रवाहाला अरुंद मार्गात कोंडतात. कोंडलेले पाणी वेगाने धावते व आपला तळ आपणच खरवडून काढते. अमेरिकेत जेम्स ईड्स या अभियंत्याने १८७५ ते १८७९ या काळात मिसिसिपी नदीच्या दक्षिण मुखाशी अशा भिंती उभारल्या. जेथे पूर्वी १० फूटही पाणी नव्हते, तेथे सुमारे ३० फूट खोल मार्ग मोकळा झाला.

तथापि या लाभाला दुसरी बाजू आहे. भिंतीने अडविलेली वाळू एका अंगाला साचून पुळण रुंदावते. पण पलीकडच्या किनाऱ्याला मिळणारी वाळू बंद होते आणि लाटा त्याचीच माती खाऊ लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई बंदराच्या भिंती उभ्या राहिल्यावर दक्षिणेस मरीनाची चौपाटी विस्तारली, तर उत्तरेस रायपुरमचा किनारा झिजत गेला. तेथील कोळ्यांच्या वस्त्यांना समुद्राची झळ सोसावी लागली.

म्हणून विशाखापट्टण येथे अडलेली वाळू उपसून उत्तरेच्या किनाऱ्यावर टाकण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात, ज्याचा आरंभ १९१६ साली झाला, बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत लाटा उठवून भिंतींचे परिणाम आधीच पारखले जातात.

आपल्या खाडीच्या मुखाशी भिंत हवी, अशी मागणी एखाद्या गावाने करणे रास्तच आहे. परंतु तिच्यामागे अडणारी वाळू कोणाच्या किनाऱ्याची, हा प्रश्न पहिला दगड पडण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे.